काकडी नाचते पण व्हिडिओ लुकलुकतो : टाइमलॅप्सची प्रश्नोत्तरं

मागच्या अंकात पॉलीहाऊसमधल्या काकडीचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, कसा घेतला त्यावर चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून रोज दोन-तीन मेल तरी येतायत. जवळपास प्रत्येकाला वाटतंय की आपली अडचण कॅमेऱ्याची आहे. ती बहुतेक वेळा उजेडाची असते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खालची निम्मी उत्तरं पटकन कळतील. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : आमचं जुन्नर तालुक्यात १० गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, सध्या काकडी लावलीय. तुमचं वाचून मुलाच्या कॅमेऱ्यावर दर १० मिनिटाला एक असे १२ दिवस फोटो काढले, १७२८ झाले. व्हिडिओ बनवला तर स्टार्टर गेलेल्या ट्यूबलाइटसारखा नुसता लुकलुकतोय आणि वर सगळा वेल थरथरतोय. मेहनत पाण्यात गेली का?

उत्तर : सगळी नाही, निम्मी गेली असं समजा. हिशोब तुमचा बरोबर आहे, दिवसाला १४४ फोटो, १२ दिवसांचे १७२८, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ६९ सेकंदांचा व्हिडिओ होतो. गडबड पुढे आहे.

तुमचा कॅमेरा ऑटोवर होता, फोटोंवरून दिसतंयच. ऑटोवरचा कॅमेरा काय करतो की ढग आला की त्याला वाटतं अंधार पडला, मग तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, ढग सरकला की परत कमी करतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अंदाज थोडा इकडे थोडा तिकडे होतो. एकेक फोटो सुटा बघितला तर झकास दिसतो पण एकापाठोपाठ एक लावले की दिवाळीची माळ. रंगाचंही तेच, ऑटो व्हाइट बॅलन्समुळे एक फोटो निळसर तर पुढचा पिवळट. त्यामुळे शटर, लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर, कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल करायचं आणि परत हात लावायचा नाही. फोकस तर खासच, कारण ऑटो फोकसचा भरवसा नसतो, चौथ्या दिवशी तो काकडी सोडून मागच्या ड्रिपच्या नळीवर जाऊन बसतो आणि आपल्याला कळतं बाराव्या दिवशी.

एवढं करूनही जरासं लुकलुकणं राहिलं तर ते लेन्सच्या अ‍ॅपर्चरचं असतं. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला पाती मिटतात-उघडतात आणि दर वेळी केसभर फरक पडतो. उपाय सोपा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा म्हणजे पाती हलणारच नाहीत, किंवा हाताने फिरवायची जुनी लेन्स कोणाकडे पडून असेल तर ती लावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की फोकसमध्ये येणारा भाग कमी होतो, फूल अगदी जवळून घेत असाल तर तेवढं सांभाळा.

आता तुम्ही म्हणाल की सगळं मॅन्युअल केलं तर दुपारचे फोटो पांढरेफटक आणि संध्याकाळचे काळेकुट्ट येणार. येणारच. म्हणून ज्यांना खरंच स्वच्छ व्हिडिओ हवा असतो ते सूर्यालाच बाहेर ठेवतात. एक कुंडी घ्या, पॉलीहाऊसच्या कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा सांगाडा करून त्यावर जाड काळं कापड टाका, आत आपले एलईडी, वर-खाली हवा खेळायला फट. मग बाहेर ऊन असो पाऊस असो, आतला उजेड तोच. दिवे दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावले तर झाड तिकडे झुकत जातं आणि व्हिडिओत असं वाटतं की कॅमेऱ्यावर रुसून तोंड फिरवलंय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोत पट्टे येतात, तेव्हा शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवा.

बेडमधलं झाड हलवता येत नसेल तर बारा दिवस रात्रंदिवस घेण्याचा हट्ट सोडा आणि रोज ठरलेल्या वेळी, सूर्य पॉलीवर यायच्या आधी, आठ-दहा फोटो घ्या. वेळ एकच असली की पानांची ठेवण पण जवळपास तीच मिळते. तीन महिने असं केलंत तर सातशे-नऊशे फोटो होतात, अर्ध्या मिनिटाच्या आसपास व्हिडिओ. आषाढातलं गच्च आभाळ ह्या कामाला सोन्यासारखं. श्रावण मात्र नको रे बाबा.

थरथरीचं कारण मी न बघता सांगतो, कॅमेरा तुम्ही पॉलीहाऊसच्या लोखंडी (जीआय) पाइपला क्लॅम्प लावून बांधलाय. पाइपला बांधलेलं बरं वाटतं पण वारं आलं की अख्खं स्ट्रक्चर डोलतं आणि आपल्याला ते जाणवतही नाही. ट्रायपॉड जमिनीवर घ्या, पायांखाली फरशीचे तुकडे टाका, कारण ओल्या मातीत पाय मुंगीच्या पावलाने खचत जातात आणि दहा दिवसांनी क्षितिज तिरकं. कुंडी असेल तर झारीने पाणी घालू नका, ड्रिप द्या, झारी लागली की कुंडी दोन मिलीमीटर सरकते आणि स्क्रीनवर तो भूकंप दिसतो.

आहेत त्या फोटोंचं काय करायचं? रात्रीचे आणि उन्हाच्या तिरीपीचे काढून टाका, उरलेल्यांवर एलआरटाइमलॅप्स किंवा डाविंची रिझॉल्वच्या पेड व्हर्जनमधलं डीफ्लिकर, म्हणजे लुकलुकणं कमी करणारी सोय, चालवा. वीस-पंचवीस सेकंद बघण्यासारखे नक्की निघतील.

प्रश्न : गच्चीवर छोटं ग्रीनहाऊस केलंय, सहा बाय आठ फुटांचं. टाइमलॅप्ससाठी नवीन कॅमेरा घ्यायचाय, ५० हजारांपर्यंत बजेट आहे, कुठला घेऊ? (पुणे)

उत्तर : कुठलाच नको. घरात जुना अँड्रॉइड फोन पडलेला असेलच, त्यात ओपन कॅमेरा नावाचं फुकटचं अ‍ॅप टाका, त्यात ठरावीक अंतराने परत परत फोटो काढायची सोय आहे आणि एक्स्पोजर, फोकस लॉक करता येतात. फोन चार्जिंगला लावून उन्हात ठेवू नका, बॅटरी फुगते, माझ्या एका फोनचं मागचं झाकणच उघडलं होतं. ५० हजारातले पाच हजार दिवे, टायमर आणि भक्कम स्टँडवर घाला. दोन व्हिडिओ पूर्ण करा, मग कॅमेऱ्याचं बोलू. घेतलाच तर मिररलेस घ्या, इलेक्ट्रॉनिक शटर असलेला, कारण यांत्रिक शटरचं आयुष्य लाख-दीड लाख फोटोंचं धरतात आणि टाइमलॅप्सवाला माणूस ते बघता बघता संपवतो.

प्रश्न : शेवंतीची कळी धरण्यापासून फूल पूर्ण उमलेपर्यंत सलग शूट करायचंय, रात्रीसुद्धा. रात्रभर एक एलईडी बल्ब चालू ठेवला तर चालेल का? (सातारा)

उत्तर : बरं झालं आधी विचारलंत! मी न विचारता केलं होतं. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये तीन कुंड्या शेवंती आणली, कॅमेरा लावला, ९ वॉटचा बल्ब रात्रभर चालू, आणि रोज सकाळी उठून कळी आली का बघायचो. पानं येत राहिली, हिरवीगार, टवटवीत, एकावर एक. शेजारच्या काकूंच्या त्याच नर्सरीतून त्याच दिवशी आणलेल्या कुंड्या फुलांनी लगडल्या, त्या रोज मला विचारायच्या की तुम्ही खत कुठलं घालता हो, मी घालत नाही ते. माझ्याकडे आठ-नऊ हजार फोटो आणि एक पण कळी नाही.

कारण असं की शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. दिवस लहान होत गेले, अखंड अंधार पुरेसा मिळाला, की ती कळी धरते, आणि मध्येच उजेड पडला तर तिच्या लेखी ती रात्र मोडली. फुलशेतीवाले हे जाणूनबुजून वापरतात, फांद्या हव्या तेवढ्या वाढेपर्यंत मध्यरात्री दिवे लावून कळी रोखून धरतात आणि मग वरून काळं कापड ओढून रात्र लांबवतात. मी ह्यातलं पहिलं अर्धं मन लावून केलं, दुसरं अर्धं मला माहीतच नव्हतं. ख्रिसमसला मिळते ती लाल पानांची पॉइन्सेटिया पण ह्याच पंथातली.

तेव्हा बल्ब रात्रभर नको. फ्लॅश वापरा, तो क्षणभराचाच असतो, किंवा दिवा रिलेवर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर, घ्या म्हणजे फोटोच्या दोन सेकंद आधी लागेल आणि नंतर विझेल. हिरव्या उजेडाचा त्रास कमी होतो म्हणतात, ते खरंय, पण अगदीच निरुपद्रवी नाही, त्यावर रात्रभर विसंबू नका. शेवंतीपुरतं सांगायचं तर कळी डोळ्यांना नीट दिसू लागल्यावरच शूट सुरू करा, आधीच्या वाढीचे फोटो फक्त दिवसा घ्या. आणि हो, कंपाउंडच्या बाहेरचा रस्त्यावरचा दिवा आत येतो का तेही बघून घ्या.

गुलाब, काकडी ह्यांचं रात्रीवाचून इतकं अडत नाही. टोमॅटो फुलेल, पण त्याला २४ तास उजेडात ठेवलंत तर पानं पिवळी पडायला लागतात. एकूण काय, झाडाला झोपू द्या.

झोपण्यावरून आठवलं, रात्रीचे फोटो घेण्यात खरी मजा घेवड्याची आणि राजम्याची आहे. संध्याकाळी पानं खाली मिटतात, पहाटे वर येतात. चार-पाच दिवसांचा व्हिडिओ सलग लावला की झाड पंख हलवत उडायच्या बेतात आहे असं वाटतं. फक्त दिवसाचे फोटो जोडले तर हे सगळं गायब होतं आणि दर सकाळी नुसता एक झटका दिसतो.

प्रश्न : दर किती वेळाने फोटो घ्यायचा ह्याचं काही कोष्टक आहे का? ब्रह्मकमळ, घेवडा, मूग असं करायचंय.

उत्तर : कोष्टक देत नाही, कारण मग लोक विचार करायचं सोडतात. उलटा हिशोब करा. व्हिडिओ किती सेकंदांचा हवा ते आधी ठरवा, गुणिले २५ करा, तेवढे फोटो. आता ती घटना किती वेळ चालते त्याला ह्या आकड्याने भागा.

ब्रह्मकमळ, म्हणजे आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते, खरं तर ते मेक्सिकोकडचं एक निवडुंग आहे पण ते असो, संध्याकाळनंतर हलायला लागतं आणि मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उमलतं. पाच तास धरा. दर ३० सेकंदाला एक घेतला तर ६०० फोटो, २४ सेकंद. पुरे. पूजेला जमलेल्या शेजाऱ्यांना टॉर्च मारू नका सांगायला विसरू नका.

घेवड्याला मात्र वेगळं डोकं लावावं लागतं. त्याचा शेंडा आधार शोधत हवेत गोल गोल फिरतो, एका फेरीला साधारण दोन तास लागतात. तुम्ही दर अर्ध्या तासाने फोटो घेतलात तर एका फेरीत चारच फोटो मिळाले, मग तो फिरताना दिसत नाही, चार कोपऱ्यांत उड्या मारताना दिसतो. दर दोन मिनिटाला घ्या, फेरीला ६० फोटो, म्हणजे स्क्रीनवर एक फेरी अडीच सेकंदात, डोळ्याला एकदम सुखावह. पुस्तकात नुसतं वाचलेलं तेव्हा कळतं. वेल बिचारा आंधळ्यासारखा चाचपडत असतो आणि काठी लागली रे लागली की घट्ट धरतो.

मुगाला दर पाच मिनिटाला पुष्कळ. काचेच्या बरणीत कडेला लावा म्हणजे मूळ पण दिसेल, फक्त बरणीला काळा कागद गुंडाळा आणि फोटोपुरताच काढायची सोय ठेवा, मुळांना उजेड आवडत नाही, ती कडा सोडून आत वळतात.

काकडीवाल्यांसाठी एक जास्तीचं. तणावा, म्हणजे वेल दोरीला धरतो तो बारीक तंतू, त्याने दोरी पकडल्यानंतर कॅमेरा काढून घेऊ नका. खरा खेळ त्यानंतर आहे. दोन्ही टोकं अडकलेली असतात, तरी तो पीळ घेत जातो आणि स्प्रिंग बनतो, पण एका बाजूचे वेढे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे, मध्ये एक छोटासा सरळ तुकडा जिथे पीळ उलटतो. दोन्ही टोकं बांधलेली दोरी मधूनच पिळली तर दुसरं होणार तरी काय. हे मी लहानपणापासून काकडीच्या वेलीखाली खेळलो तरी कधी पाहिलं नव्हतं, व्हिडिओत दिसलं तेव्हा उठून बागेत जाऊन खरंच तसं आहे का ते बघून आलो. आहे.

जागा मोकळी ठेवायला शिका. सगळे जण रोप फ्रेमच्या मधोमध ठेवतात आणि सहाव्या दिवशी शेंडा वरून बाहेर. रोप खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, वरती रिकामं दिसलं तरी चालेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा असतो, व्हिडिओला १९२० बाय १०८० लागतात, त्यामुळे नंतर हवा तेवढा भाग कापून घेता येतो.

प्रश्न : चिपळूणजवळ नर्सरी आहे. पावसाळ्यात कॅमेरा लावला की पहाटे लेन्सवर वाफ धरते, दोनशे-तीनशे फोटो दुधासारखे येतात. काय करावं?

उत्तर : कोकणातल्या पावसाळ्याशी कोणी जिंकलेलं नाही, पण बरोबरी करता येते. पहाटे काच हवेपेक्षा थंड होते म्हणून दव धरतं, तेव्हा काच थोडीशी गरम ठेवली की काम झालं. रात्री आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो काढणारे लेन्सला एक पट्टा गुंडाळतात, यूएसबीवर चालतो, कोमट राहतो, ड्यू हीटर म्हणून मागा. कॅमेरा काचेची खिडकी असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर आठवड्याला बदलून. एसीतून काढून थेट आत नेऊ नका, बॅग बंद ठेवून अर्धा तास तिथेच राहू द्या.

फॉगर असेल तर त्याच्या टायमरशी फोटोची वेळ जुळवून घ्या, नाहीतर दर तासाला एक फोटो धुक्यातला. फवारणीच्या दिवशी कॅमेरा सरळ बाहेर काढा, जागेवर खडूने खुणा करून ठेवा. उन्हाळ्यात उलटा त्रास, बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात बंद पॉलीहाऊस ते सहज ओलांडतं. डब्यावर पांढरं कापड टाका. आणि लाइट जातेच, तेव्हा कॅमेऱ्यात खोटी बॅटरी, तिची वायर छोट्या यूपीएसला.

प्रश्न : झाडांचा असा व्हिडिओ पहिल्यांदा जगदीशचंद्र बोस यांनी काढला ना? आमच्या ग्रुपवर वाद चाललाय.

उत्तर : वाद मिटवतो, पण दोन्ही बाजू नाराज होतील. बोसांनी फिल्म नाही काढली, त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला, झाडाची वाढ १०,००० पट मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर टिंबांनी उमटवणारं यंत्र. म्हणजे टाइमलॅप्सच्या बरोब्बर उलटी वाट, आपण वेळ दाबून बारीक करतो, त्यांनी हालचाल ताणून मोठी केली, दिवसांची वाट बघायची गरजच नाही, वाढ तिथल्या तिथे दिसते. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात काढलेली संस्था आजही आहे.

फिल्मचं काम त्याआधी जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलं, १८९८ ते १९०० च्या सुमाराला, ट्यूलिपचं फूल, लाजाळू, वालाच्या जातीतल्या एका कडधान्याचं मूळ असं सगळं. लोकांनी थिएटरात बसून फुलं उमलताना पाहिली ती १९१० साली, इंग्लंडमधल्या पर्सी स्मिथमुळे. हा माणूस शिक्षण खात्यात कारकून होता. नंतर अमेरिकेत जॉन ऑट, तो शिकागोचा बँकवाला, त्याने टाइमलॅप्ससाठी ग्रीनहाऊसच उभारलं. त्याची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. भोपळ्याचं शूटिंग ट्यूबलाइटखाली करत होता, तर मादी फुलं जळून जायची आणि नर तेवढे टिकायचे, मग पुढच्या खेपेला दुसऱ्या रंगाच्या ट्यूब लावल्या तर नेमकं उलटं झालं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. माझ्या शेवंतीला मी एवढा का कोसत होतो असं मला ते वाचल्यावर वाटलं.

प्रश्न : दादा मी आठवीत आहे. सायन्स प्रोजेक्टला घटातलं धान्य उगवण्याचा टाइमलॅप्स केला तर चालेल का? सर म्हणाले विषय नवीन हवा.

उत्तर : चालेल काय, पळेल! नऊ दिवसांत पेरणीपासून वीतभर उंचीपर्यंत, इतकं आयतं प्रोजेक्ट दुसरं नाही. दर १० मिनिटाला एक फोटो घेतलास तर १२९६ होतील, म्हणजे ५२ सेकंद. फोन परडीच्या उंचीवर ठेव, वरून नको, वरून नुसती पिवळी चटई दिसते, कडेने घेतलंस तर माती फोडून कोंब कसा वर येतो ते दिसेल. रोज एक माळ वाढत जाणार, ती फ्रेमच्या मध्ये लोंबणार नाही अशी बाजू आधीच बघून ठेव. नंदादीपाच्या उजेडावर विसंबू नकोस, ज्योत हलते, बाजूला एक छोटा एलईडी लाव आणि तो फोटोपुरताच लागू दे. आरतीचे, पाणी शिंपडतानाचे हात येतील ते काढू नकोस, मला तर तेच आवडतील.

आता नवीन काय ते सांगतो. त्याच दिवशी तेच धान्य, तीच माती दुसऱ्या परडीत घाल आणि ती शाळेच्या शेडनेटमध्ये ठेव, शेडनेट नसेल तर खिडकीत, तिथे दुसरा फोन. देवघरातलं धान्य उंच, बारीक, पिवळं होईल कारण ते उजेड शोधत वर पळतंय, बाहेरचं बुटकं आणि हिरवं होईल. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून सरांना दाखव. पट्टी पण उभी करून ठेव दोन्हीकडे, म्हणजे रोजची उंची फोटोतूनच मोजता येईल.

फक्त देवघरात स्टँड लावायच्या आधी आजीला विचार. आमच्याकडे मी न विचारता लावला होता आणि पहिल्याच माळेला तो अंगणात होता.